एलुबीच्या कबरीवरची फुलं

"अजून दोन टोपल्या माती टाक," पाद्री म्वाले म्हणाला. "कबर फारच सपाट दिसते. उद्या पाहुण्या बाई फुलं घेऊन येणार आहेत."

स्वयंपाकीणबाईने माती टाकली. कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या टोकाने क्रूसावरची धूळ पुसली. लाकडावर पांढऱ्या रंगात नाव होतं, एलुबी म्बेवे. पुसून झालं तशी ती थुंकली.

"अगं, कबरीवर थुंकतेस?"

"बाजूला थुंकले."

समुद्रापलीकडच्या चर्चचे पाहुणे आठवडाभर मुक्कामाला होते. अकरा जण, सगळ्यांचे नारिंगी शर्ट, पाठीवर बायबलचं वचन. दरवर्षी येऊन ते अनाथघराची तीच एक भिंत रंगवायचे. मागच्या साली हिरवी, त्याआधी निळी, यंदा पिवळी. छप्पर गळतं ते गळतंच, कारण छपरावर चढून फोटो काढून घ्यायचा कसा? पोरांना कडेवर घ्यायचे, पटापटा पापे घ्यायचे, आणि खाली ठेवलं रे ठेवलं की खिशातून जंतुनाशकाची बाटली काढून हात चोळत बसायचे. न्सीमाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, घास बोटाने चिवडायचे, एकमेकांकडे बघून नाक मुरडायचे, पाद्र्याला मात्र सांगायचे, वा, फार छान! भरलेली ताटं कुत्र्यापुढे जायची. मक्याचं पीठ कांडून कांडून जिच्या हाताला घट्टे पडलेत तिने हे बघायचं. शी!

सगळं गिळायचं ते एका तियामिकेसाठी. पोरगी आठवी पास, वर्गात पहिली. पाहुणे दरसाल एका मुलीला वसतिगृहाच्या शाळेत चार वर्षं शिकवायचे. मुलगी अनाथ हवी, एवढी एकच अट. ही संधी हुकली तर तंबाखूचा मळा, आणि वर्षभरात नवरा.

म्हणून स्वयंपाकीणबाई चुलीपाशी तिची तयारी करून घ्यायची.

"आई कधी गेली?"

"दोन वर्षं झाली. तापाने."

"मान खाली घालून सांग. थोडी रड."

"रडू येत नाही मला."

"मग कांदा चिर," बाई म्हणाली आणि कांदा तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी मिस डार्लीन कबरीपाशी आल्या. त्या पाहुण्यांच्या मुख्य. त्यांनी प्लॅस्टिकची फुलं ठेवली, गुडघे टेकले, तियामिकेला छातीशी धरून हुंदके दिले. एकाने ते सगळं फोनमध्ये घेतलं. नीट आलं नाही म्हणाला, म्हणून त्यांनी पुन्हा गुडघे टेकले.

डोळे पुसून त्यांनी पाणी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंपाकीणबाईला विचारलं, "तुम्ही ओळखत होतात हिला?" मध्ये पाद्री होताच भाषांतराला.

"चांगली ओळखते. तोंडाळ बाई."

"ती म्हणते, फार श्रद्धाळू होती," पाद्र्याने सांगितलं.

"शेवटच्या वेळी तुम्ही जवळ होतात?"

"क्षणभर हलले नाही."

मिस डार्लीननी तिचे दोन्ही हात हातात घेतले. मग बाटली काढली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काय गं तिया..." आणि एकदम जीभ चावली. "काय गं, स्वयंपाकीण! चिमूटभर मीठ दे की!"

"या कोण?"

"लिंबानीची आई," पाद्री म्हणाला. "आमच्यात मूल झालं की बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. पाच-दहा वर्षांत खरं नाव गावही विसरतं."

"किती गोड! आणि या कुणाची आई?"

पाद्र्याला ठसका लागला.

"मी स्वयंपाकीण," बाई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

निघायच्या दिवशी आंब्याखाली सारा गाव जमला. मिस डार्लीन तियामिकेचा हात धरून उभ्या राहिल्या.

"देवाने मला रात्रभर झोपू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "वसतिगृह कशाला? हिला जगात कुणीच नाही. मी हिला माझ्या घरी नेणार, समुद्रापलीकडे. आजपासून मीच हिची आई. नावसुद्धा ठरवलंय, होप!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाद्र्याचं तोंड उघडंच राहिलं, पण टाळ्या त्यानेही वाजवल्या. गावाने वाजवल्या नाहीत. आठवडाभरात तियामिकेने पहिल्यांदाच स्वयंपाकीणबाईकडे सरळ बघितलं.

मिस डार्लीननी कागद काढला. "वकील म्हणतो, आई वारल्याचा साक्षीदार हवा. या बाई होत्या ना जवळ? बोलवा त्यांना."

"ती अडाणी आहे हो, दुसरं कुणी..."

"अंगठा चालेल. यांनीच तर तिचे डोळे मिटले असतील!"

स्वयंपाकीणबाई हात पुसत पुढे आली. पाद्री तिच्या कानाशी लागला. "डोकं ताळ्यावर ठेव. पोरीने नशीब काढलंय. इथल्या अठ्ठावीस पोरांचं जेवण तुझ्या जिभेवर आहे, कळलं?"

तिला सगळं कळत होतं. पिवळ्या रंगाचा वास नाकात बसला होता. पाहुण्यांची किळस आली, पाद्र्याची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली. मातीच्या टोपल्या तिनेच वाहिल्या होत्या. कांदा तिनेच पुढे सरकवला होता.

मिस डार्लीननी पेन उघडलं आणि हसून विचारलं, "साक्षीदाराचं नाव?"

पाद्र्याने घाईघाईने तोंड उघडलं, पण नावाला भाषांतर लागत नाही.

"एलुबी म्बेवे," ती म्हणाली. "तियामिकेची आई."