एलादिओचा व्हिडिओ

पॅराग्वेचा एलादिओ इतक्या देशांत फुटबॉल खेळला होता की त्याच्या बुटांनासुद्धा वेगळा पासपोर्ट लागावा. फिरत फिरत तो डब्लिनजवळ क्लोनडॉकिनच्या एका छोट्या क्लबात येऊन टेकला आणि तिथेही त्याला नारळ मिळाला. त्याला कारण अश्लेषा. आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी हौसेनं क्लबच्या सामन्यांचं शूटिंग, असा तिचा शिरस्ता. "याला काढायचंय, दाखवण्यासारखं काहीतरी दे," असं कोच म्हणाला, तर या बाईनं एलादिओ जिथे जिथे पडला, चुकला, धापा टाकत मागे राहिला, तेवढंच वेचून अख्खा व्हिडिओ बनवला.

सामान बांधून निघालेला एलादिओ तिच्या दारात उभा राहिला.

"कोचनं तुझा व्हिडिओ मला दिला," तो म्हणाला. "मी आईला पाठवला."

"अरे, कशाला? त्यात तू नुसता पडतोयस."

"तिला फुटबॉलमधलं काय कळतंय? कॅमेरे नेहमी गोल करणाऱ्यांच्या मागे. मला खेळताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता सगळी गल्ली घरी बोलावून दाखवत बसलीय."

अश्लेषाला त्याच्याकडे बघवेना. "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, परक्या देशात माझ्या पोरावरून जिची नजर क्षणभर हटली नाही, त्या मुलीला माझे आशीर्वाद सांग."