घरची सरी

"बाजाराची न्हवं, घरच्या सरीतली भर," पाटीवर फडकं बांधता बांधता लालासाहेबानं बायकोला बजावलं.

रंगूबाई पिशवी घेऊन वांग्यांच्या बांधावर उभी होती. लेक मालन सांगलीत दिलेली. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस गेले होते, आणि डोहाळे लागले ते माहेरच्या वांग्यांचे.

घरच्या खाण्यापुरत्या राखलेल्या सरीवर औषध मारत नसत. निंबोळीचा अर्क शिंपडायचा, अळीनं वाळवलेले शेंडे खुडायचे. तरी दोन वांग्यांतलं एक भोकाचं निघायचंच. असली वांगी व्याह्यांच्या दारात न्यायची म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं, म्हणून रंगूबाई धुसफुसली. लालासाहेब तिच्यावर खेकसला. तशी ती पिशवी घेऊन वांग्यांत शिरली.

बाजाराच्या सऱ्यांवर त्यानं काल संध्याकाळीच पंप मारला होता. औषध मारल्यावर आठवडाभर तोडा करू नये, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तेवढ्यात नवी अळी आत शिरते, आणि अडत्या भोक बघून अख्खी पाटी बाजूला सारतो. सगळा गाव हेच करतो, असं तो मनाला सांगायचा. मार्केटात कुणी वांग्यांची चकाकी बघून वाहवा केली की मात्र त्याची मान खाली जायची. ही कुणाच्या लेकराबाळांच्या ताटात जाणार, कोण जाणे. लाज वाटायची, लय वाटायची. तरी दुसऱ्या तोड्याला पंप पाठीवर यायचाच.

आज सांगलीच्या मार्केटात पाट्या विकून, रंगूबाईनं तोंड बांधून दिलेली पिशवी घेऊन तो लेकीकडं गेला. विहीणबाईंच्या हातात देताना पार ओशाळला.

"जरा किडकी हायत. चिरताना बघून घ्या."

दुपारी मालननं भरलं वांगं मिटक्या मारत खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. किती दिवसांनी तिच्या पोटात अन्न ठरत होतं. लालासाहेब बघतच राहिला. या हातांनी एक तरी गोष्ट नीट केली, असं वाटून त्याला भरून आलं.

विहीणबाई मालनच्या ताटात आणखी एक वांगं वाढत हसल्या.

"उगंच लाजता, पावणं. समदी चिरली, एकात बी अळी न्हाई."