मागाशेजारची झोप

जोतिराम डोळे मिटून पडला होता, पण झोपला नव्हता. भिंतीला टेकून बसलेल्या परशरामला ते माहीत होतं, कारण झोपेचं सोंग घ्यायला त्यानंच सांगितलं होतं.

वडगावातल्या आण्णाप्पा विणकराच्या माजघरात दुपार पसरली होती. छपरातल्या काचेच्या कौलातून ऊन तिरपं उतरत होतं. त्या उन्हात सुताची बारीक, केसासारखी कुसं तरंगत होती. खाली येतात असं वाटे, आणि पुन्हा वर जात. सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास होता. आण्णाप्पाचा मुलगा केदारी खड्ड्यात पाय सोडून माग चालवत होता. खट-खट, खट-खट. थोडा वेळ ऐकलं की तो आवाज आपल्याच छातीतून येतोय असं वाटायचं. त्याच्या शेजारी दुसरा माग होता. आण्णाप्पाचा भाऊ गेल्यापासून त्यावर जुनं लुगडं पांघरलेलं होतं.

त्या मागासाठीच जोतिराम परशरामबरोबर आला होता. निपाणीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बेळगावच्या उद्योगशाळेत दोन वर्षं विणकाम शिकला होता. परशराम पुण्याहून अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी आला होता. खेड्यातल्या मुलांना धंदेशिक्षण दिलं तर त्यांना काम मिळतं का, एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तर त्याला आवडलं नव्हतं. शाळेतून शिकून गेलेली जी जी मुलं त्यानं शोधली, ती निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळताना सापडली. विणकर परक्याला घरच्या मागावर बसवत नसत. जोतिरामचा थोरला भाऊही वखारीतच होता. तो दोन शब्द बोलायचा आणि खोकायचा. इथं नकार आला तर उद्या जोतिराम त्याच्या शेजारी उभा राहणार होता.

आण्णाप्पानं सकाळी शाळेचा दाखला हातातसुद्धा घेतला नाही. विणून दाखवतो म्हटलं, तर मान हलवली.

"इनतं कुणी बी," तो म्हणाला. "आदी जेव. मग घटकाभर पड हितंच. मग बघू."

"साळंत झोपायचं बी शिकवत्यात काय रं?" केदारी मागावरून हसला.

"शिकवत न्हाईत. पर सकाळचं काम झालं की मी मागापाशीच पडत हुतो," जोतिराम म्हणाला. "बाकीची पोरं इनायची."

परशरामला मात्र या झोपेचा उलगडा झाला होता. मागच्या खेपेला तो आला तेव्हा आण्णाप्पा असाच झोपला होता आणि झोपेत त्याचे पाय हलत होते. डावा, उजवा, डावा. जणू खड्ड्यातल्या पावड्या दाबत होते. "ह्यास्नी सपनात बी सुट्टी न्हाई," त्याची बायको दुर्गाबाई हसली होती. परशराम त्या पायांकडे टक लावून बघत राहिला होता. तेवढ्यात धागा तुटून केदारीचा माग थांबला, आण्णाप्पा उठून बसला आणि बोलणं तिथंच राहिलं.

म्हणजे परीक्षा पायांची होती. अभ्यासकानं फक्त पाहावं, मध्ये हात घालू नये, हे परशराम शिकला होता. तरी जेवून हात धुताना तो जोतिरामच्या कानाशी लागला. "खरं झोपू नकोस. नुसता पड, आणि पाय हलव. पावड्यांवर हलवतोस तसे."

आता जोतिरामचे पाय हलू लागले. डावा, उजवा. केदारीच्या ठेक्यात, एकही चूक नाही.

दुर्गाबाईनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई! ह्याला तर आमच्या ह्यांच्यापरीस घाई!"

आण्णाप्पा पायांकडे बघतच नव्हता. तो सुपारी कातरत होता. परशरामला ते खटकलं.

मग पाय मंदावले. एकदा उजवा चुकला. थोड्या वेळानं डावा नुसताच थरथरला आणि थांबला. जोतिरामचं तोंड किंचित उघडं पडलं, श्वास लांब झाला. सुताचं एक कुस हळूहळू उतरलं आणि त्याच्या भुवईवर बसलं. त्यानं ते पुसलं नाही.

परशराम खाकरला. मग मोठ्यानं खोकला. काही उपयोग झाला नाही. मुलगा खरोखरच झोपला होता.

खट-खट, खट-खट. परशरामच्याही पापण्या जड झाल्या. उन्हातली कुसं पिवळी दिसू लागली, मग तपकिरी. माजघराची भिंत मागं मागं सरकत गेली आणि तिथं निपाणीची वखार उभी राहिली. तंबाखूची धूळ असाच प्रकाश धरून तरंगत होती. खाली कुणीतरी चाळण हलवत होतं, डावीकडे, उजवीकडे. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे ओळख पटत नव्हती. परशरामला हाक मारायची होती, पण त्या आवाजात हाक पुढं सरकत नव्हती.

तो दचकून भानावर आला. आण्णाप्पानं अडकित्ता खाली ठेवला होता. जोतिरामचे पाय दगडासारखे पडलेले होते. आण्णाप्पानं केदारीकडे पाहिलं आणि हात वर केला.

संपलं, असं परशरामला वाटलं.

केदारीनं माग थांबवला. घर एकदम मोठं झालं. गल्लीतल्या बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज माजघरात आला.

जोतिराम ताडकन उठून बसला. डोळे अजून मिटलेलेच होते. त्याचा उजवा हात समोरच्या हवेत धागे चाचपत होता.

"कुठं तुटलं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय तुटलं, लेकरा," आण्णाप्पा म्हणाला. "ऊठ. त्या मागावरचं लुगडं काढ."