लाल दोऱ्याच्या चिठ्ठ्या

गठ्ठा परत आला होता. लहान मुलांचे कोट, बारा नग. तिने तो दारातच सोडला. प्रत्येक कोटाला छापील चिठ्ठी लटकत होती: परत. शिवण तिरकी.

तिने टेप लावली. शिवण सरळ होती. तेवढ्यात तिची लेक चिमी मांडीवर चढून टेपचं टोक चघळायला लागली, म्हणून पुन्हा लावली. सरळच.

चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे लाल दोऱ्याने बांधलेल्या. गाठही नेहमीचीच, कुठल्याच शिवणक्लासात शिकवत नाहीत अशी: तीन वेढे, उलटा फास आणि दोन टोकं, एक लांब, एक आखूड. कात्रीशिवाय निघायची नाही. दोरा फेकवत नाही म्हणून ती हे तुकडे बटणांच्या डब्यात टाके. डबा आता लालच दिसायला लागला होता.

कंपनीचं काम घरून करायचं. फ्रीलान्स म्हणायला छान वाटे. सुख एकच होतं: चिमी झोपली की मशीन सुरू, चिमी उठली की बंद. नवऱ्याचंही म्हणणं हेच की झेपतंय तेवढं कर, दुकानाचं लचांड कशाला गळ्यात घेतेस. पण सहा महिन्यांत हा चौथा गठ्ठा. आपल्या हातातूनच काहीतरी गेलंय, ही शंका तिला पोखरत होती. भाजी चिरतानाही ती मधेच थांबून बोटांकडे बघत राही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. गठ्ठा परत आला की ताईची फेरी ठरलेली. माणसं जोडावीत ती अशी, असं तिला वाटे. ओळख वर्षभराचीच, चिमीच्या लसीच्या रांगेतली. ताईने तिची बोटं बघूनच ओळखलं होतं, ही शिवणारी. ताई स्वतः पूर्वी त्याच कंपनीत होती, पण तिथली पायरी चढून दोन वर्षं झाली, असं सांगे. नजर अधू झाल्यापासून सुईही सोडली होती. दुकान काढलं की गिऱ्हाइकांशी बोलायचं ताईने, शिवायचं हिने, असा बेत होता.

"बाराही परत," ती म्हणाली.

ताईने एक कोट उलटा करून डोळ्यांजवळ नेला. "सोन्यासारखी शिवण आहे. कुठली आंधळी बसवलीय तपासायला, देव जाणे."

"माझंच चुकत असेल."

"वेडे, चुकत असतं तर मी माझं नाव तुझ्या नावाशेजारी लावलं असतं का?"

तिला एकदम भरून आलं. कितीतरी दिवसांत तिच्या हाताला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

ताईने पिशवीतून गाळ्याचा करार काढला. तीन वर्षांचा. म्हणजे चिमी नऊ ते सहा पाळणाघरात. कालच चिमी मशीनकडे बोट दाखवून "शीन" म्हणाली होती. पुढचा शब्द बहुधा दुसरंच कुणी ऐकणार होतं.

"आधी कंपनीला कळव," ताई हळूच म्हणाली. "एक पाय इकडे, एक तिकडे नको."

यापुढे काम पाठवू नये, असा निरोप तिने फोनवरून पाठवला. मग सही केली. पेन खाली ठेवताना तिचं लक्ष चिमीच्या अंगातल्या कोटाकडे गेलं. वरचं बटण चावून चावून लोंबत होतं, कधी गिळेल नेम नाही. तिने सुई घेतली, पण दोरा काही केल्या ओवला जाईना.

"दे इकडे, मी लावते."

ताईने चिमीला मांडीवर घेतलं. तिच्याशी बोबडं बोलत एका झटक्यात सुई ओवली, बटण लावलं, दोरा दातांनी तोडला. चष्मा पिशवीतच राहिला होता.

चिमी रांगत आईकडे आली. आईने बटण ओढून पाहिलं. पक्कं होतं. खाली तीन वेढे, उलटा फास आणि दोन टोकं, एक लांब, एक आखूड.