चौदावा ठिपका

पासवर्ड चौदा अक्षरांहून कमी चालणार नाही, असा नियमच भाच्याने मावशीच्या कॉम्प्युटरला घालून दिला होता. पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या बाईला चौदा अक्षरांचं ते काय ओझं! फक्त सातव्यानंतर क्षणभर थांबायची तिची खोड होती.

एका दुपारी तेरावं अक्षर टाकून ती चष्मा पुसायला थांबली. तेवढ्यात चौदावा ठिपका आपोआप उमटला आणि कॉम्प्युटर उघडला.

तिने भाच्याला फोन लावला.

"अगं मावशी, मोजण्यात चूक झाली असेल."

"माझी? आणि मोजण्यात?" म्हणून तिने फोन ठेवला.

मग ती रोज एकेक अक्षर कमी टाकू लागली. उरलेले ठिपके सावकाश भरत जायचे. ती सहाव्यावर थांबली त्या दिवशीही सातवा उमटला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग आठवा आला.

रविवारी तिने पासवर्डच बदलायला घेतला. नवा कोणता ठेवावा हे तिला सुचेना. उगाच एक अक्षर दाबून, हात मांडीवर ठेवून ती खिडकीबाहेर बघत विचार करत बसली.

मान वळवली तेव्हा चौकटीत चौदा ठिपके होते. खालच्या रिकाम्या चौकटीवर लिहिलं होतं, 'तोच पासवर्ड पुन्हा टाका.'

मावशीची बोटं कीबोर्डवर गेली. सातव्यानंतर क्षणभर थांबून, कुठेही न चुकता चौदा अक्षरं टाकून बोटं पुन्हा मांडीवर आली.

'पासवर्ड जुळला,' असं पडद्यावर आलं.

मावशीला तो अजून सुचलाच नव्हता.