पाणी पिणारी बाग

तिने पालिकेसाठी आखलेल्या गल्लीतल्या बागेत सिमेंट जवळजवळ नव्हतंच. खोलगट हिरवळ आणि भुसभुशीत माती पावसाचं सगळं पाणी पिऊन टाकायची. त्यामुळे यंदा धो धो कोसळूनही गल्लीत पाणी तुंबलं नाही. शेजारीण मुद्दाम कौतुक करायला घरी आली.

"वहिनी, कमाल केलीत! ही बाग गेल्या वर्षीच झाली असती, तर तुमचा सोन्या पुरात गेला नसता हो..." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "मेला कोण साहेब होता तो, वर्षभर मंजुरी अडवून बसलेला?"

"चहा घ्या, निवतोय," ती म्हणाली.



आतल्या खोलीत नवरा ऑफिसला निघायच्या तयारीत होता. "बायकोच्या कामावर लगेच सही केली तर लोक काय म्हणतील," असं तेव्हा तोच म्हणाला होता.