चाळीस दातांचा मासा

"चोळ अजून! कानामागे राहिलंय," आत्या नळापाशी उभी राहून ओरडली. "त्याला कानामागचं फार आवडतं."

होडीवाला भाचा धक्क्याच्या टोकाला नुसत्या चड्डीवर उभा होता आणि अंगाला सनस्क्रीन फासत होता. एक अख्खी ट्यूब संपली होती, दुसरी अर्धी. तो इतका पांढराफटक झाला होता की एक समुद्रपक्षी त्याला खांब समजून खांद्यावर बसला, विसावला आणि सावकाश निघून गेला. सहलीला आलेले तीस पाहुणे श्वास रोखून बघत होते.

भानगड माशाची होती. खाडीच्या तळाशी प्रवाळाची बाग होती. ती बघायला पाहुणे यायचे, अंगभर क्रीम थापून यायचे आणि पाण्यात उतरले की ते सगळं खाडीला देऊन जायचे. पाहुण्यांचा हात तसा सढळच. आजवर त्यांनी खाडीला सतरा गॉगल दिले होते, डाव्या पायाची एक चप्पल दिली होती. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर होडीतून वाकून शिंकताना तोंडातली कवळीसुद्धा दिली होती. पण क्रीम सगळ्यांत वाईट. दुपारपर्यंत पाण्यावर तेलकट साय धरायची. प्रवाळ पांढरं पडत चाललं होतं, कासवांनी येणं सोडलं होतं. आत्याने तरुणपणी याच पाण्यात बुड्या मारून शिंपले काढले होते. आता बाग दोन खोल्यांएवढी उरली होती, आणि तीही गेली तर आत्याला या किनाऱ्यावर करमणार नव्हतं.

आधी तिने लोकांना समजावून पाहिलं. लोकांनी माना डोलावल्या आणि आणखी क्रीम लावलं. मग तिने मनानेच एक मासा रचला. चाळीस दातांचा, क्रीमच्या वासावर येणारा, मऊ जागा बघून चावणारा. त्या दिवसापासून धक्क्यामागच्या नळाखाली रांग लागली. लोक भरड पंच्याने अंग खरवडून काढत, लांब बाह्यांचे सदरे घालत, मग होडीत चढत. धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात जिरत असे. पण चार भित्रे पाहुणे पलीकडच्या खाडीतल्या होडीकडे पळाले आणि भाचा तडकला.

"तू स्वतः रोज गालाला क्रीम चोपडतेस, ते चालतं वाटतं?" काल जेवताना त्याने विचारलं होतं.

"मासा माझा आहे. मला कसा चावेल?"

"ठीक आहे. उद्या सगळ्यांदेखत क्रीम लावून उडी मारतो. अख्खा वर आलो तर तुझा नळ बंद."

"आणि चावला तर?"

"तर जन्मभर नळ मी चालवीन!"

भाच्याने कानामागे शेवटचं बोट फिरवलं आणि उडी मारली.

पाण्याखाली त्याने डोळे उघडले. त्याच्याच अंगातून पांढरा धूर निघत होता. तो धूर खाली बागेवर उतरत होता, आणि जिथे उतरे तिथले चिमुकले मासे घरदार सोडून पळत होते. इतकी वर्षं होडी हाकली, पण हे त्याने वरून कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला करकचून चावलं.

तो जो वर आला तो थेट धक्क्यावर. मधल्या सहा पायऱ्या त्याला लागल्याच नाहीत. चड्डीला मागे काहीतरी लटकत होतं. त्याने चाचपून ओढलं, हळूच बघितलं. दात. गुलाबी हिरडीसकट.

त्याने नळाकडे पाहिलं. आत्या नखशिखांत भिजलेली होती. तोंडावर हात होता आणि खांदे गदगदत होते. गेल्याच वर्षी तिने वरचे दात बसवून घेतले होते. भाच्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकाहत्तर वर्षांची ही बाई दोन खोल्यांएवढ्या बागेसाठी पाण्याखालून येऊन आपल्या भाच्याला चावली! त्याला रागच येईना. त्याने मूठ मिटून घेतली.

"दिसला का हो?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"होडीएवढा!" भाचा म्हणाला. "आणि चाळीस कसले, पन्नास दात आहेत!"

नळाकडे अशी धाव सुटली की धक्क्याच्या दोन फळ्या निखळल्या. ज्यांनी क्रीम लावलंच नव्हतं त्यांनीही दोनदा अंग धुतलं.

संध्याकाळी भाच्याने ते दात बशीत ठेवून, वर रुमाल झाकून आत्यापुढे सरकवले. तो उभाच राहिला. बसायची सोय नव्हती.

"घे. आणि पुढच्या वेळी जरा हळू चाव. घरातलाच आहे मी."

आत्या मक्याचं कणीस खात होती, कराकरा. खाता खाता थांबली. रुमाल उचलून बशीत पाहिलं, भाच्याकडे पाहिलं आणि मोठा आ करून दाखवला. दात जागच्या जागी होते. वर मक्याचा एक दाणाही होता.

"मग तू भिजलीस कशी?"

"अरे गाढवा, तू पाण्यातून असा उडालास की दचकून नळाची चावीच माझ्या हातात आली! नंतर हसू आवरेना."

तिने बोटाने दात उलटवून बघितले. "हे तर न्यायाधीशांचे," ती अगदी हळू म्हणाली.

दोघंही खिडकीतून खाडीकडे बघत राहिले. कणीस तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी भाचा नळ चालवायला भल्या सकाळी धक्क्यावर पोचला, तेव्हा नळाखाली आत्या आधीच उभी होती आणि भरड पंच्याने खसाखसा गाल घासत होती.